हिरव्या बटणाची टोपली

दाराला दुसरी लाथ बसली तेव्हा वेतवालीच्या हातात ओला वेत होता आणि धाकट्या नातवाच्या टोपलीची कड वळायची राहिली होती.

"आई, तोच आहे," लेक म्हणाली. ओठाला टाके होते, त्यामुळे तिचे शब्द अर्धेच बाहेर यायचे. ओठ नवऱ्याने फोडला होता. त्याच रात्री ती दोन्ही पोरांना घेऊन आईकडे पळून आली होती.

"पोरांना घेऊन न्हाणीघरात जा. आतून कडी लाव. मी बाहेर ये म्हटल्याशिवाय यायचं नाही."

"आणि तू?"

"मी काय, म्हातारं खोड. जा म्हणते ना!"

वेतवाली म्हणजे त्या रस्त्यावरच्या सगळ्या मोडक्या खुर्च्यांची आई. खुर्चीची बैठक फाटली की लोक ती तिच्या दारात आणून टाकत आणि ती विणून परत देई. जीभ तिखट. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की म्हणे, "मग घरी उभेच राहा ना, बसायची एवढी काय घाई!" त्याच जिभेने तिने जावयाला एकदा परत पाठवलं होतं. तो बायकोला शोधत आला, तेव्हा याच दारात कंबरेवर हात ठेवून ती त्याच्यावरच उलटली होती. "माझ्या लेकीला कुठे घालवलंत ते आधी सांगा!" असा काही गळा काढला की बिचारा बिचकून निघून गेला. नंतर पडदे ओढलेले राहिले, पोरांना खिडकीशी जायची बंदी झाली, धाकट्याला मोठ्याने हसायचीसुद्धा चोरी झाली. कुणाला पत्ता लागायची सोय तिने ठेवली नव्हती.

पण उद्या ईस्टर होता. पोरांनी येताना एक खेळणंही आणलं नव्हतं, अंगावरच्या कपड्यांनिशी आली होती ती. बाकीच्या पोरांना टोपल्या मिळणार, रंगवलेली अंडी मिळणार आणि आपली दोघं पडद्याआड तोंडं दाबून बसणार, हे तिच्याच्याने बघवेना. म्हणून तिने टोपल्या विणायला घेतल्या. बाजारात मिळतात तशा नाहीत. ज्याची त्याची, बघताच ओळखू यावी अशी. थोरल्या नातीच्या टोपलीच्या दांड्याला तिच्याच आखूड झालेल्या कोटाचं मोठं हिरवं बटण शिवलं. धाकट्याच्या टोपलीसाठी त्याच्या बुटाच्या नाडीला बांधलेली घंटी सोडवून ठेवली.

तिसऱ्या लाथेला कडी निखळली.

जावयाला अहोजाहो करायची रीत वेतवालीने त्या कडीबरोबरच सोडून दिली. "दार कोण भरून देणार रे, तुझा बाप?"

"पोरं कुठायत?"

"कुणाची पोरं? पिऊन आलायस का?"

तो प्यायलेला नव्हता. तेच जास्त वाईट होतं. तो सरळ खिडकीशी गेला, पडदा बाजूला सारला आणि बाहेर खिळ्याला टांगलेली टोपली हिसकून आत घेतली. हिरवं बटण तिच्या डोळ्यांपुढे धरलं.

"या बटणाचा कोट मी आणला होता. समोरच्या फुटपाथवरून दिसतंय. पोरं नाहीत म्हणता आणि खिडकीत पाटी लावून ठेवता होय, सासूबाई?"

वेतवाली त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिली. ओला वेत घरात ठेवला की बुरशी धरतो. विणलेलं काम वाऱ्याला टांगायचं, ही तिची आयुष्यभराची सवय. सकाळी टोपली टांगताना तिच्या मनात काहीसुद्धा आलं नव्हतं. हात आपोआप गेला होता.

त्याने टोपली पायाखाली घातली आणि वेतवालीच्या कानफटात अशी दिली की ती कामाच्या बाकावर जाऊन आदळली. दात हलला. तोंडात रक्ताची चव आली. त्याने तिला दंडाला धरून उठवलं आणि पुन्हा मारलं. ती ओरडली नाही, पण बाक उलटला, हत्यारं खळखळली आणि न्हाणीघराची कडी निघाली.

"आईला सोड!"

"नको म्हटलं होतं ना मी तुला!" वेतवाली रडकुंडीला आली.

त्याने बायकोचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. टाके उसवले, रक्त हनुवटीवरून झग्यावर ओघळलं. आत थोरलीने शहाण्यासारखी कडी परत लावली होती. बायकोला एका बाजूला भिरकावून तो त्या दारावर लाथा घालू लागला. आतून धाकट्याचं रडणं येत होतं, आणि थोरलीचा "गप, गप" असा आवाज.

वेतवालीच्या हाताला जमिनीवर मोगरी लागली. खुर्चीच्या भोकांत खुंट्या ठोकायची लाकडी मोगरी. तिने ती पाठीमागून त्याच्या गुडघ्याच्या लवणीत घातली. तो खाली बसला. दुसरा घाव खांद्यावर बसला, तो पालथा पडला.

"बस त्याच्यावर!"

लेक त्याच्या पाठीवर बसली. आजवर जेवढा मार खाल्ला होता तेवढ्या सगळ्या वजनाने बसली. त्याने वळून तिच्या मनगटाला चावा घेतला, तरी ती उठली नाही. वेतवालीने बादलीतला भिजलेला वेत ओढला आणि त्याचे हात पलंगाच्या लोखंडी पायाला आवळले. खुर्चीच्या बैठकीला मारायची तीच गाठ.

"सुटलो ना, तर दोघींना जित्या ठेवत नाही," तो जमिनीत तोंड खुपसून म्हणाला. "पोरांना तर..."

वेतवालीने मोगरी पुन्हा उचलली. या वेळी डोक्यावर. तिला त्याला ठार मारायचं होतं, हे तिने पुढेही कधी नाकारलं नाही. हात वर गेला होता, लेकीने अडवला नव्हता.

"आजी," आतून थोरली म्हणाली, "संपलं का?"

वेतवालीचा हात तसाच राहिला. मग हळूहळू खाली आला.

"संपलं, बाळा. पण दार नको उघडूस अजून."

आदळआपट ऐकून खालच्या मजल्यावरच्या सलूनवाल्याने पोलिसांना फोन केला होता. ते आले तोवर वेत सुकून इतका आवळला होता की शिपायाला गाठ सुटेना. शेवटी वेतवालीनेच आपली सुरी दिली.

"आई, तो खिडकीचं काय म्हणत होता?" त्याला नेल्यावर लेकीने विचारलं. दारात डॉक्टरकडे न्यायला सलूनवाला उभा होता.

"टोपली मीच टांगली बाहेर. माझ्याच हाताने."

 लेक फडकं तोंडाला लावून बसली आणि दुसरा हात आईच्या गुडघ्यावर ठेवला. त्या हाताला दातांचे वण होते.

ईस्टरची सकाळ झाली. मोडक्या दाराला आतून कपाट लावलं होतं. वेतवालीने थोरलीची तुडवलेली टोपली उकलून पुन्हा विणली होती, धाकट्याचीही पुरी केली होती, आणि या वेळी दोन्ही चुलीजवळ सुकवल्या होत्या. अंडी रंगवली होती. सुजलेल्या तोंडाने ती म्हणाली, "घ्या रे, आपापली ओळखा बघू!"

धाकट्याने घंटीची टोपली उचलली आणि हलवून हलवून वाजवली. थोरलीने अंड्यांकडे पाहिलंही नाही. आजीची कात्री घेतली, दांड्यावरच्या हिरव्या बटणाचा दोरा काळजीपूर्वक कापला आणि बटण आजीच्या हातावर ठेवलं.

"आता कुणाला कळणार नाही ना, माझी आहे ते?"

वेतवालीला खूप काही सांगायचं होतं. तो आता येणार नाही, ते बटण तुझं आहे, तू भ्यायचं नाहीस. पण पोरं इथे नाहीत हे खोटं तिने एकदा बोलून पाहिलं होतं, आणि ते टिकलं नव्हतं.

"नाही कळणार," ती म्हणाली.

थोरलीने मान डोलावली, भावाची टोपली मांडीवर ओढली आणि घंटी कापून काढली. तो रडला नाही. बहिणीने परत दिलेली टोपली त्याने कानाशी धरून हलवली. वाजेना, तेव्हा पुन्हा हलवली.