कुणाच्याही कडेवर जाणारी अँटिबॉडी

आमच्या सरांची अँटिबॉडी कुणाच्याही कडेवर जायची.

खरं तर तिला काम एकच. रोगाशी लढणाऱ्या काही पेशींच्या अंगावर ओळखीच्या खुणेसारखा एक ठरावीक रिसेप्टर असतो. तो हुडकायचा आणि त्यालाच चिकटायचं. चिकटली की पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकते. सरांच्या नमुन्यात सगळंच चमकत होतं. ही हिरवळ उद्या समितीला दाखवायची होती. समितीने मान डोलावली तर प्रयोगशाळेला मुदतवाढ, नाहीतर सगळ्यात आधी माझी नोकरी जाणार. घरी रांगती लेक.

"सर, कंट्रोल लावला?" मी विचारलं. म्हणजे ज्या पेशींवर तो रिसेप्टर नाहीच, त्यांच्यावर अँटिबॉडी टाकून बघायची. तिथे अंधार दिसायला हवा.

"निकाल बिघडला की कंट्रोल लावतात," सर म्हणाले. "आपला झकास आलाय."

ते मीटिंगला गेले आणि मी लावलाच. अंधार कुठला, लख्ख उजेड.

परत आल्यावर सरांनी डोळा लावून पाहिलं. "म्हणजे रिसेप्टर नसलेल्या पेशींवरही रिसेप्टर आहे. हा तर दुसरा शोध."

"काल कोऱ्या काचेवर अँटिबॉडीचा थेंब सांडला होता, तोही चमकला," आमचे तंत्रज्ञ दादा भांडी विसळत म्हणाले. "तिसरा धरा."

काही पेशींना अँटिबॉडीची शेपटी धरायची खोड असते. म्हणून आधी दुसरं साधं प्रथिन देऊन त्यांचे हात गुंतवायचे. लेकीला भरवताना मी तिच्या दोन्ही मुठींत काहीतरी कोंबते, नाहीतर ती चमचाच धरून बसते, तसंच हे. पण या पायरीने चमक कमी होते म्हणून सरांनी ती गाळून टाकली होती.

मी ती पायरी घालून नमुना पुन्हा केला. काळंभोर आभाळ, त्यात इनमिन चार हिरव्या पेशी.

"एवढ्यावर समिती काय देणार?" सरांचा चेहरा उतरला. "तुझीच नोकरी आहे यात. कुठलं चित्र लावायचं, संध्याकाळपर्यंत विचार कर."

पाळणाघरात मावशींनी लेकीला माझ्या हवाली केलं. "आज कुणाकडे म्हणून गेली नाही बघ. सगळ्यांनी घेऊन पाहिलं, रडून घर डोक्यावर घेतलं. इतकं माणूसघाणं असून कसं चालेल गं?"

लेकीने माझा कान मुठीत धरला, एक हुंदका गिळला आणि गप्प झाली. तिचं ओलं नाक माझ्या मानेवर टेकलं होतं.

"चालेल," मी म्हटलं.

तिला कडेवर घेऊनच सरांना फोन लावला. "उद्या मी काळं चित्र लावणार आहे, सर. कंट्रोलसकट."



"निदान त्या चार पेशी जरा मोठ्या करून दाखव," सर म्हणाले.

"तेवढं करते," मी म्हटलं.