काळा काटा, पितळी काटा

मित्रांनो, मी एक जुना वायुभारमापक आहे, घड्याळ नव्हे! गोल तबकडी आणि दोन काटे पाहून पाहुणे मला वेळ विचारतात, तेव्हा मला फार राग येतो. वेळ काय, कोणीही सांगेल. मी उद्याची हवा सांगतो.

माझ्या पोटात पातळ पत्र्याची बंद डबी आहे. हवेचा भार वाढला की ती दबते, कमी झाला की फुगते आणि माझा काळा काटा हलतो. तबकडीवर डावीकडे 'पाऊस' आणि उजवीकडे 'कोरडे' ही अक्षरे रंगवणाऱ्या कारागिराचा हात एकदाही थरथरला नाही. दुसरा काटा पितळी. तो आपणहून हलत नाही. सकाळी तो हाताने काळ्यावर आणून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी किती फरक पडला ते कळते. काम एवढेच, पण चकाकतो मात्र फार!

चाळीस वर्षे मी एका वीटभट्टीच्या कचेरीत आहे. भट्टीच्या मालकिणीला सगळे आत्या म्हणतात. काटा अडकला असेल तर सुटावा म्हणून ती माझ्या काचेवर टिचकी मारून मगच विटा वाळत घालायला सांगे. "हा कधी थापा मारत नाही," असे ती म्हणाली की मी फुगून जाई. पुढे तिची भाची कामाला आली आणि माझ्याच खिळ्याला पिशवी अडकवू लागली. आत्याच्या टिचकीपुरती पिशवी बाजूला सरे, एरवी दोन वर्षे मी पिशवीआडून हवा मोजली. पण मोजली रोज!

यंदा थंडी सरता सरता हवेने ताळतंत्र सोडले. सोमवारी ऊन, मंगळवारी धुके, बुधवारी बोचरा वारा. त्यातच आत्याच्या डोळ्यांचे ऑपरेशन झालेले. डोळ्यांवर पट्टी बांधून ती कचेरीतल्या बाकावर बसे. अंगणात भाचीने पहिल्यांदाच स्वतःच्या देखरेखीखाली पाडून घेतलेल्या आठ हजार कच्च्या विटा वाळत होत्या. पाऊस आला असता तर त्यांचा पुन्हा चिखल झाला असता.

"काटा कुठं आहे गं?" आत्या रोज विचारी.

"'कोरडे'वर, आत्या."

अरेरे! ती पितळी काटा वाचत होती, आणि तो ऑपरेशनच्या आधी आत्याने ठेवला तिथेच होता. माझा काळा काटा केव्हाचा पावसाकडे निघाला होता. मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठे आहे?

गुरुवारी लख्ख ऊन पडले. भाचीने ताडपत्र्या घडी करून ठेवल्या आणि पुन्हा "'कोरडे'वर" म्हणाली. आत्या ताठ बसली.

"हवा रोज रंग बदलतेय आणि काटा जागचा हलत नाही? टिचकी मारलीस का?"

"टिचकी कशाला?"

"मार आधी!"

टिचकी बसली आणि माझा काळा काटा झटकन खाली उतरला.

"अगं बाई! काळा हलला. 'पाऊस'च्याही पुढे गेला!"

"मग इतके दिवस काय वाचत होतीस?"

"तो... चकचकीत."

"चकाकतं ते सगळं सोनं नसतं, भवाने! पळ, विटा झाक!"

भर उन्हात विटा झाकताना पाहून शेजारचा सुतार खो-खो हसला. दुपारी आभाळ फाटले, तेव्हा तोच डोक्यावर फळी धरून आमच्या कचेरीत शिरला. विटा मात्र कोरड्या राहिल्या.

पुढच्या आठवड्यात आत्याची पट्टी सुटली. ती माझ्यासमोर आली. मला वाटले, आता स्वतःच वाचेल. पण तिने भाचीला पुढे केले. "तू सांग."

भाचीने पिशवी बाकावर ठेवली, टिचकी मारली आणि नीट पाहिले. "काळा 'कोरडे'वर आहे, आत्या. भट्टी लावू?"

"विचारतेस काय? लाव!"

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून ठेवता हे चांगलेच. पण आम्हांला नुसते टांगून ठेवू नका. रोज एक टिचकी मारून विचारत जा. आम्ही खरे तेच सांगू.