नदीकाठचा रस्सा

चष्म्याच्या काचा घासायच्या कामावर तो या शहरात आला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. पहिल्याच आठवड्यात नदीकाठच्या खानावळीत माशाचा रस्सा खाल्ला आणि शहराच्या प्रेमातच पडला. मग एकेक गल्ली पायाखाली घातली. कुठला भट्टीवाला पाव करपवतो, कुठल्या पुलाखाली सकाळी ताजे मासे तळतात, सगळं तोंडपाठ. सोळा वर्षांत त्याने इथलं बोलणं हुबेहूब उचललं. नवखं कोणी त्याला रस्ता विचारायचं तेव्हा त्याचा ऊर भरून यायचा. गावाचा विषय निघाला की तो पाणी प्यायला उठायचा.

वडील गेले आणि बहिणीने आईला आणून त्याच्या दोन खोल्यांत सोडलं. माशाचा वास आईला सहन व्हायचा नाही. ती आपल्यापुरती डाळ शिजवायची, वर लसणाची चरचरीत फोडणी.

"जिन्यापर्यंत वास जातो," तो दातओठ खात म्हणायचा. "शेजारी म्हणतील, कुठून आलेत हे!"

एका रविवारी तो तिला मुद्दाम खानावळीत घेऊन गेला. खानावळ चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. आईने रश्श्याचा एक घोट तोंडात घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

"गीळ," तो हळूच म्हणाला. "लोक बघतायत."

तिने गिळला. मावशींनी ते बघितलं आणि जवळ येऊन विचारलं, "आजी, तुम्हाला काय आवडतं?"

"डाळ."

"मग करा की! मागची शेगडी रिकामीच असते."

दुसऱ्या दिवसापासून आई तिथे डाळ करायला लागली. आधी दोन टॅक्सीवाल्यांनी मागून घेतली, मग बँकेतल्या मुलींनी. महिनाभरात दुपारची निम्मी टेबलं डाळीची झाली. वडील गेल्यापासून न हसलेली आई घरी येऊन हसत सांगायची, "आज पातेलं खरवडून नेलं रे! किती प्रेमाची माणसं आहेत इथली. मला तर बाई हे शहर फार आवडलं."

त्याच्या काळजात काहीतरी टोचलं. इतकी वर्षं जीव टाकून त्याने जे मिळवलं, ते हिला शेगडीपाशी उभं राहून मिळालं होतं, तेही गावच्या डाळीवर.

पुढच्या आठवड्यात मावशी भर खानावळीत म्हणाल्या, "अरे, आजी तुमच्या गावचं सांगत होत्या. म्हणजे तूही बाहेरचाच की! इतकी वर्षं पत्ता लागू दिला नाहीस!" टॅक्सीवाले खो खो हसले. तोही हसला.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर तो मावशींकडे गेला. "सांगायला जीभ रेटत नाही," तो म्हणाला, "पण आईला टीबी आहे. औषधं घेत नाही. तुमची गिऱ्हाइकं आहेत, म्हणून राहवलं नाही."

मावशींचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आईची पिशवी दाराबाहेर ठेवली आणि तोंडावर रुमाल धरून म्हणाल्या, "आधी बऱ्या व्हा, आजी." पातेलं त्यांनी फेकून दिलं.

तो कामावरून आला तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मला काय झालंय म्हणून सांगितलंस?"

तो बूट काढायला खाली वाकला.

"मला काही झालेलं नाही, असं मी म्हटलं नाही त्यांना," ती म्हणाली. "म्हटलं असतं तर तू खोटा पडला असतास. तुला इथेच राहायचंय ना?"

"उद्या गावच्या बसमध्ये बसवून देतो," एवढंच तो म्हणाला. राहा म्हणाला नाही. सकाळच्या बसमध्ये तिने खिडकीतून हात हलवला तेव्हा तो घड्याळ बघत होता.

दुपारी तो खानावळीत शिरायला गेला, तर मावशींनी दारातच अडवलं.

"तू नको रे आत येऊस. एकाच घरात होतात तुम्ही. तिथे बाहेर ओट्यावर देते."

खरं सांगावं असं क्षणभर वाटलं. पण खरं सांगितलं असतं तर मावशींनी जोड्याने मारलं असतं. तो ओट्यावर बसला. येणारेजाणारे वळसा घालून आत जात होते. मावशींनी कागदी वाटी लांबूनच सरकवली.

रस्सा फक्कड झाला होता. त्याने वाटी चाटूनपुसून संपवली आणि आत बघून हाक मारली, "मावशी, अजून थोडा वाढा!"