विसावी फेरी

आठ महिने अंथरुणाला खिळून राहिलं, की आढ्याच्या वाशांबरोबर घरातली माणसंही नीट मोजून होतात. संगप्पाची मोजून झाली होती. बायको नागम्मा, ती एक. बाकीची घरात असून नसल्यासारखी. कडब्याच्या गंजीवरून तो उताणा पडला, पाठीचा मणका मोडला. हैदराबादच्या दवाखान्यात त्याच्या कमरेचं थोडं हाड काढून, आत दोन सळ्या घालून डॉक्टरांनी तीन मणके एकमेकांना कायमचे सांधले. थोरला भाऊ गुरुपादप्पा तिथं एकदाच आला आणि "औंदा पेरणीला येशील न्हवं?" एवढं विचारून परतीच्या गाडीला बसला. आई सिद्धम्मा तर आलीच नाही. परक्या गावात तिच्या पूजेचा खोळंबा झाला असता.

निघताना डॉक्टरांनी संगप्पाला समोर बसवून सांगितलं होतं. चालायचं. मग पोहायचं, कारण पाण्यात पाठीवर भार येत नाही. पण वाकायचं नाही, उडी मारायची नाही, बुडी मारायची नाही. हाड पक्कं जुळायला दीड वर्ष लागतं. त्याआधी सळी तुटली तर पाय जातील, आणि गेलेले पाय परत आणता येत नाहीत. विहिरीच्या वीस फेऱ्या सलग झाल्या की कमरेचा चामडी पट्टा सोड, असंही ते म्हणाले. संगप्पानं त्यातलं एवढंच मनाशी घट्ट धरलं, वीस फेऱ्या.

पण पोहायला पाणी हवं, आणि ते साल असं कोरडं की चिमण्यांचीसुद्धा तोंडं सुकलेली. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. उदगीरला कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या, टँकरवरचं 'उस्मानाबाद' खरवडून त्यावर 'लातूर' रंगवलं होतं. तो टँकर गावात दोन दिवसांतून एकदा यायचा आणि बायका त्याच्यावर तुटून पडायच्या. शेतातल्या पायऱ्यांच्या विहिरीत तेवढं दोन पुरुष पाणी होतं, हिरवं, माणसानं तोंडात न घ्यावं असं. गुरुपादप्पाची सोळा जनावरं त्याच्यावर तगून होती. संगप्पानं भीत भीत विचारलं तेव्हा तो हसला.

"म्हशी डुंबतेत, तू बी डुंब की. त्यांला कुठं पट्टा असतो."

संगप्पानं तो टोमणा गिळला. दुसऱ्या दिवशी नागम्माच्या खांद्यावर हात ठेवून तो एकेक पायरी उतरला, पट्टा सोडून तिच्या हातात दिला आणि छातीइतक्या पाण्यात पायरीवर उभा राहिला. मग पाय उचलले. पाण्यानं त्याला उचलून धरलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याची पाठ ठणकत नव्हती, आणि तो बाप्या माणूस नागम्मासमोर हुंदके देऊन रडला. पहिल्या दिवशी दोन फेऱ्या झाल्या, आठवड्यानं सहा. महिन्यानं बारा. पोटऱ्यांना मांस धरू लागलं. रात्री तो नागम्माला म्हणायचा, "पट्टा सुटू दे, मग मी वेगळं निघून उदगीरला दुकान टाकतो," आणि ती अंधारात हूं म्हणायची.

आता सिद्धम्माचं सांगायला हवं. म्हातारीच्या गळ्यात इष्टलिंग होतं, लहानपणी गुरूनं दीक्षा देताना बांधलेलं. रोज सकाळी ते चांदीच्या करडगीतून, गळ्यातल्या त्या डबीतून काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, पाणी घालायचं, बेल वाहायचा आणि मगच पाण्याचा घोट घ्यायचा. साठ वर्षांत खंड नाही. पण पाण्याचा दुष्काळ पडल्यापासून पूजेला तांब्याभर पाणी सांडायचं तिच्या जिवावर येई. म्हणून तिनं तोडगा काढला. ती विहिरीच्या शेवटच्या पायरीवर बसून पूजा करू लागली. लिंगावर घातलेलं पाणी ओघळून परत विहिरीत. एक थेंब वाया नाही. अख्ख्या आळीत तिच्या हुशारीचं कौतुक झालं.

त्या सकाळी ती तशीच बसली होती आणि संगप्पा पोहत होता. सतरा झाल्या, अठरा झाल्या. एकोणिसाव्याला त्याचा दम उखडला, तरी त्यानं रेटलं. विसाव्या फेरीला भिंतीला हात लागला आणि आनंद त्याच्या पोटात मावेना.

"अव्वा! अव्वा, बघ! वीस झाल्या!"

म्हातारीनं दचकून मान वर केली. तळहात कलला. डुब्ब असा बारीक आवाज झाला आणि हातावर नुसता बेल उरला.

त्यानंतर तिनं जी किंकाळी फोडली तिनं वस्तीवरची माणसं धावत आली.

सिद्धम्मा तिथंच बसली. लिंग मिळेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, की घराची पायरी नाही. वैशाखाचं ऊन, सत्तरीचं शरीर. दुपारी गावातल्या लिंगायतांचे पुरोहित, मठपती आले. त्यांनी समजावलं, की असं होतं, प्रायश्चित्त आहे, मी विधी करून दुसरं लिंग देतो, जीव देणं शास्त्रात नाही. शहाणा माणूस होता. म्हातारीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"माझ्या गुरूनं बांधलेलं हाय. ज्यानं पाडलं त्यो काढंल."

"मोटार लावून पाणी उपसा," नागम्मा म्हणाली. "सांजंपर्यंत तळ दिसंल."

"आन जनावरांला काय पाजू, तुझ्या डोळ्याचं पाणी?" गुरुपादप्पा गुरकावला. "सोळा जनावरं हायत. हितं पोहणारा बसून राहिलाय की घरचा."

गावात पोहणारे दुसरेही होते. पण लिंग लिंगधाऱ्यानंच काढायचं यावर म्हातारी अडून बसली, आणि गावातले बाकीचे लिंगायत तागडी धरणारे, गुडघाभर पाण्यात घाबरणारे. गुरुपादप्पालाही पोहता येत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा संगप्पाच्या पाठीवर येऊन थांबल्या. त्यानं डॉक्टरांचं म्हणणं सांगून बघितलं, पायांचंही सांगितलं.

"तुझ्या पाठीत तर लोखंड हाय," आई म्हणाली, अगदी शांतपणे. "आमची नुसती हाडं. तुला काय होतंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारीचे ओठ फुटून रक्त आलं, डोळे पांढरे व्हायला लागले, तेव्हा संगप्पा उठला. पण तो डोकं चालवून उतरला. वाकायचं नाही, तर वाकायचं नाही. दोराला पाट्याचा दगड बांधला, दोराचं टोक गुरुपादप्पाच्या हातात दिलं आणि दगडाला धरून तो पाय खाली करून, सरळ, खांबासारखा पाण्यात उतरला. तळाला गेला की पायाच्या बोटांनी गाळ चाचपायचा, दम संपला की वर. एक बुडी झाली, दुसरी झाली. गाळात विळा लागला, फुटकी घागर लागली. चौथ्या बुडीला अंगठ्याखाली काहीतरी गुळगुळीत, बोराएवढं लागलं. पाठीला काहीही झालं नव्हतं. वर येऊन तो धापा टाकत ओरडला, "घावलं! पायाला घावलं! बोटांत धरून आणतो."

"पाय?" म्हातारीच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे, ती उभीच राहिली. "माझ्या लिंगाला पाय लावलास? भाड्या, हातानं काढ! पुन्हा पाय लावलास तर हितंच डोकं फोडून घेते!"

"अव्वा, हातानं काढायचं तर उलटं व्हावं लागतं. कमरंत वाकावं लागतं. मला—"

"मग वाक."

नागम्मा "नका, नका हो!" करत पायऱ्या उतरू लागली. एका चुलत जावेनं तिला दंडाला धरून मागं ओढलं. संगप्पानं भावाकडे बघितलं. गुरुपादप्पा दोर सैल करत होता. काठावरची पन्नास माणसं नीट दिसावं म्हणून पुढं सरकली. त्या घटकेला तो नाही म्हणू शकला असता. पण आईचे फुटलेले ओठ त्याला बघवेनात, आणि आपल्या एका ओरडण्यानं हे झालं हे त्याच्या मनातून जात नव्हतं. त्यानं छाती भरून घेतली, कमरेत मोडून डोकं खाली घातलं आणि पाण्याला लाथ मारली.

आवाज त्याला पाण्यात ऐकू आला. वाळकी काडी मोडावी तसा. दुखलं नाही, हीच वाईट गोष्ट होती. हातांनी त्यानं गाळ उपसला, लिंग मुठीत धरलं आणि वर येण्यासाठी पाय मारले. पाय आले नाहीत. एका हातानं दोर धरून तो वर ओढला गेला. वर येताच त्यानं मूठ उघडली.

सिद्धम्मानं लिंग उचललं. मठपतींनी मंत्र सुरू केला, बायकांनी बेल पुढं केला, सगळी गर्दी तिच्याभोवती गोळा झाली. पूजा झाली, म्हातारीनं पाणी घेतलं, आणि वरून कुणीतरी 'हर हर' म्हणालं. तोवर संगप्पा पायरीची कड धरून छातीइतक्या पाण्यात लोंबकळत होता. त्याच्याजवळ गेली ती एकटी नागम्मा, लुगड्यानिशी.

हैदराबादच्या डॉक्टरांनी नवा फोटो उजेडापुढं धरला, बराच वेळ बघितला आणि नागम्माला बाहेर बोलावलं. पंधराव्या दिवशी बैलगाडीतून त्याला घरी आणलं आणि पुन्हा त्याच आढ्याखाली ठेवलं. पट्ट्याची आता गरज नव्हती.

तोवर विहीर आटली होती. मोटार न लावता, आपली आपणच, तो गेल्यावर नवव्या दिवशी. गुरुपादप्पानं जनावरं बाजारात काढली. पोरं कोरड्या तळात उतरून जुने विळे, घागरी, कुणाची तरी जोडवी वेचून आणत होती.

संध्याकाळी सिद्धम्मा त्याच्याजवळ येऊन बसली. पूजा झालेली होती, चेहरा तुकतुकीत होता. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो त्याला कळला नाही, नुसता दिसला.

"तळाला कोरडं ठक पडलंय बघ," ती हळहळत म्हणाली. "पोरासोरानं बी चालत जाऊन लिंग आणलं असतं. आन तू आपला डोकं खाली घालून. तुला घाई कुणी केली व्हती रं?"

संगप्पानं आईच्या तोंडाकडे बघितलं. ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं.