एका कॅमेऱ्याचे पाच साहेब

आता जे सांगतो ते कुणाला खरं वाटणार नाही. माझ्या बायकोलाही कधी वाटलं नाही, आणि ती तर पोथीतल्या उडत्या डोंगरावर विश्वास ठेवणारी.

लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती. फलक नवे आले, पाऊस आला नाही. जळकोटकडच्या आमच्या गावात चिंचेखाली घागरींची रांग लागायची. टँकरवाल्याची एक खोड होती. वेशीवरून बघायचा, माणसं दिसली तर आत यायचा, नुसत्या घागरी दिसल्या तर पुढच्या गावाला निघून जायचा. मंगळवारी तसंच झालं. घरोघर रांजण कोरडे पडले होते. म्हणून आज बाया उठायला लागल्या तसं मी म्हणालो, "बसा. टँकर निघालाय उदगिराहून. दुधाच्या जीपवाल्यानं सांगितलं मला."

जीपवाला मला भेटलाच नव्हता. बाया बसल्या. आता त्यांना बसवून ठेवायचं होतं.

"बहात्तरच्या दुष्काळात मी देगलूरच्या बंगल्यावर चौकीदार होतो. चार गोरे साहेब आले."

"मागं दोन होते, केरबामामा," दुकान उघडून काय उपयोग म्हणून येऊन बसलेले गुरुपादप्पा म्हणाले.

"दोन मागून उतरले, अप्पा. तर इंग्रज साहेब म्हणला, कॅमेरा कुठाय? इटलीचा म्हणला, मलाबी दाखवा, लई झोप आली. त्यांच्यात खोलीला कॅमेरा म्हणतात. रशियाचा मात्र पांढराफटक. त्याच्या मुलखात कॅमेरा म्हणजे तुरुंगातली कोठडी. त्याला वाटलं, आपल्याला आत टाकून राहिले."

"मग फोटोच्या डब्याला काय म्हणतात तिथं?" पंचशीलानं विचारलं. तिचं तान्हं मांडीवर झोपलं होतं.

"त्यालाबी तेच. म्हणून तिथं फोटोत कुणी हसत न्हाई."

भामाबाई हसली, पण जपून. ओठ फुटले होते तिचे.

"चौथा पोर्तुगालचा. तो म्हणला, आमच्यात नगरपालिका."

"म्हंजे पाण्याची वाट बघायची जागा," गुरुपादप्पा म्हणाले.

"मी म्हणलं, साहेबांनो, भांडू नका. आमच्याकडचा कमरा तुमच्याच पोर्तुगालच्या जहाजातून उतरला. मूळ शब्द रोमचा, कमानीच्या छताचा. छताखाली खोली झाली, खोलीत कुठं पंच बसले, कुठं कैदी. अंधाऱ्या खोलीला भोक पडलं, तर समोरच्या भिंतीवर बाहेरचं झाड उलटं दिसलं. तोच पुढं फोटोचा डबा. आन् स्पेनात एका खोलीत निजणारे शिपाई ते कामरादा. त्याचाच कॉम्रेड झाला."

"आम्ही नऊ जणं निजतो एका कमऱ्यात," शिवम्मा म्हणाली. "सासूला कॉम्रेड म्हणू का?"

ऊन बुंध्यापर्यंत आलं होतं. रस्त्यावर धुरळा उठत नव्हता. शिवम्मानं घागर काखेला लावली, तसा मी घाईनं फ्रान्सचा पाचवा साहेब बंगल्यात आणला. "त्यांच्यात खोलीला शांब्र म्हणतात. तो म्हणला..."

पंचशीलानं पोराला खांद्यावर घेतलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तेवढी ताकदच नव्हती.

"मामा, साहेब पाच असू द्या न्हाईतर पन्नास. पण म्हशी आटल्यापासून पंधरा दिस झाले, दुधाची जीप गावात आलीच न्हाई. तुम्हाला जीपवाला भेटला कुठं?"