रंगाने शिवलेली खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे आणि मी रागावलेली आहे.

जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना डोळे पुसत सांगतात, असं तुम्ही ऐकलं असेल. मला ते जमणार नाही. डोळे पुसायला आधी ते उघडावे लागतात, आणि माझ्या पापण्या तुमच्यासारख्याच मुलांनी चिकटवून टाकल्या. चांगल्या मुलांनी, बरं का. वाईट मुलांनी दगड मारला असता तर काच फुटली असती, वारा तरी आत आला असता.

पण रागाच्या भरात मी शेवटाकडून सुरुवात केली. पहिल्यापासून सांगते.

मला घडवणारा सुतार अबोल होता. त्याने माझी चौकट केली, दोन झडपा केल्या, तावदानं बसवली आणि मग दिवसभर मला नुसती उघडत-मिटत बसला. चहा घेऊन आलेली त्याची बायको म्हणाली, "अहो, खिडकी करताय की पंख्याचं काम करताय?"

तो म्हणाला, "बंद काय, कुठलीही खिडकी होते. उघडताना कुरकुरली नाही, तर ती माझी."

माझ्या दोन झडपांच्या मधे आणि चौकटीच्या कडेने त्याने नखाएवढी फट ठेवली होती. ओल लागली की लाकूड फुगतं, त्याला अंग पसरायला जागा लागते. ती फट म्हणजे माझा श्वास. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी कहाणी त्या फटीची आहे.

मला एका वृद्धाश्रमाच्या तळमजल्यावर, फाटकाजवळच्या खोलीत बसवलं. आतल्या बाजूला गज, बाहेरच्या बाजूला झडपा आणि पलीकडे गल्ली. सकाळी मला उघडत, रात्री मिटत. कुणी माझं कौतुक केलं नाही. करायचं कशाला? जी खिडकी नीट उघडते तिच्याकडे कुणी बघत नाही, तिच्यातून बघतात. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती.

मग माझ्याजवळच्या खाटेवर कंडक्टरबाई आल्या. सगळी नोकरी बसमध्ये उभ्याने केलेली बाई, आणि म्हातारपणी कमरेचं हाड मोडून आडवी झालेली. पण आवाज तोच होता. नर्स औषधाचा ट्रे घेऊन दारात रेंगाळली की त्या ओरडायच्या, "दारात गर्दी नको, पुढे सरका, आत जागा आहे!"

त्यांची धाकटी बहीण गल्लीच्या टोकाला कपड्यांना इस्त्री करायची. आश्रमात भेटायची वेळ चार ते पाच, आणि नेमकी त्याच वेळी दुकानात कपडे न्यायला माणसांची रीघ लागायची. दुकान बंद करून ती निघेपर्यंत आश्रमाचं फाटक बंद झालेलं असायचं. नियम म्हणजे नियम. म्हणून त्या दोघी माझ्यापाशी भेटायच्या. धाकटी गल्लीत उभी, थोरली खाटेवर, मधे मी, उघडी.

आल्याआल्या धाकटी पिशवीतून उशीचा अभ्रा काढायची. शेवटची इस्त्री त्यालाच केलेली असायची. गजातून तो आत यायचा तेव्हा गरम असायचा. कंडक्टरबाई तो गालाला लावायच्या आणि डोळे मिटून म्हणायच्या, "हं. आता बोल."

मग भांडण सुरू.

"बाबांची छत्री तूच हरवलीस."

"मी? अगं, तू बसमध्ये विसरलीस!"

"मी बसमध्ये काही विसरत नाही. दुसऱ्यांचं विसरलेलं मी परत करते."

लहानपणी हरवलेल्या छत्रीवरून या दोघी म्हाताऱ्या रोज संध्याकाळी भांडायच्या, आणि त्यानंतर त्या खाटेवरच्या बाईला शांत झोप लागायची. मित्रांनो, मी फार देश पाहिलेले नाहीत, एक गल्ली पाहिली आहे. पण यापेक्षा चांगलं काम कुठल्या खिडकीच्या वाट्याला आलं असेल असं मला वाटत नाही.

आणि मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचं सेवामंडळ आलं.

मोठ्या वर्गातली मुलं-मुली, एकसारखे सदरे, छातीवर बिल्ले. उत्साह असा की दारातल्या कुंड्यासुद्धा सावरून बसल्या. त्यांनी विचारलं, "आम्ही काय सेवा करू?" हा प्रश्न त्यांनी व्यवस्थापकांना विचारला. व्यवस्थापकांनी इकडे तिकडे पाहिलं आणि त्यांना फाटकातून पहिल्यांदा जे दिसतं ते दाखवलं. म्हणजे मी.

"हिला रंग द्या. शोभा येईल."

आतल्या म्हाताऱ्यांना वासाचा त्रास नको म्हणून मुलांनी मला आधी घट्ट मिटलं. हेतू चांगलाच होता. मग ब्रश घेतले. त्यांना चित्रकलेच्या तासाला शिकवलेलं होतं की रंग भरताना मधे कुठे कोरं सोडायचं नाही. आज्ञाधारक मुलं ती. त्यांनी झडपा रंगवल्या, चौकट रंगवली आणि मधली फटसुद्धा रंगवली. लांबून बघून एकजण म्हणाला, "तिथे अजून काळी रेघ दिसतेय." दुसऱ्याने ब्रश बुडवून ती रेघ बुजवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पहिल्या वर्षी मी हिरवी झाले. धाकटीने गल्लीतून आणि नर्सने आतून जोर लावला तेव्हा कुठे उघडले. दुसऱ्या वर्षी निळी झाले. तेव्हा दोन दिवस झगडून उघडले. तिसऱ्या वर्षी पिवळी झाले, आणि मग उघडलेच नाही.

कंडक्टरबाईंनी व्यवस्थापकांना बोलावून घेतलं. "साहेब, खिडकी बसलीय. सुताराला बोलवा."

"आजी, मुलांनी एवढ्या प्रेमाने रंगवलीय. तिच्यावर पटाशी चालवायची? पुढच्या वर्षी येतील तेव्हा त्यांना काय वाटेल?"

"त्यांना काय वाटेल ते मी बघते. मला काय वाटतंय ते तुम्ही बघा!"

"पंखा लावून देतो ना."

पंखा आला. पंखा चांगला होता. पण पंख्याशी छत्रीवरून भांडता येत नाही.

तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. धाकटी रोज यायची आणि काचेला नाक लावून ओरडायची. थोरली आतून ओरडायची. माझ्या काचा जाड, गल्लीत रहदारी. शेवटी खाणाखुणांवर आल्या. कंडक्टरबाई पदराने वारा घेऊन दाखवायच्या, गरम होतंय म्हणून. धाकटीला वाटायचं, जवळ बोलावतेय. ती आणखी नाक चेपायची. अभ्रा फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे देऊन पाहिला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचायचा, गार आणि चुरगळलेला. चार दिवसांनी कंडक्टरबाई म्हणाल्या, "राहू दे. गार अभ्रा काय, इथेही मिळतो."

त्या छत्रीचं बोलेनाशा झाल्या. नर्स दारात रेंगाळली तरी 'पुढे सरका' म्हणेनाशा झाल्या. आणि मी? मी फाटकातून येणाऱ्याजाणाऱ्यांना फार सुंदर दिसत होते. पाहुणे म्हणायचे, "किती छान खिडकी!" मला वाटायचं, एकदा कडी ओढून बघा रे, म्हणजे कळेल काय छान आहे ते. वरून कीर्तन आणि आतून तमाशा म्हणतात ना, तशी माझी गत.

पुढचा उन्हाळा आला. सेवामंडळ आलं. या वेळी त्यांनी माझ्या काचांवर फुलपाखरं काढायचं ठरवलं होतं.

तुमच्या लक्षात आलं ना? उघडणं तर गेलंच होतं. आता दिसणंही जाणार होतं.

दुपारच्या उन्हामुळे मुलांनी काम संध्याकाळी धरलं. कंडक्टरबाईंची खाट समोरच्या भिंतीकडे सरकवली. मंडळाचा अध्यक्ष हातात लोखंडी पट्टी घेऊन काचेवर मापं टाकत होता. आतून कंडक्टरबाई दोन्ही हात वर करून जोरजोराने हलवत होत्या.

"बघा, आजींना किती आनंद झालाय," अध्यक्ष म्हणाला, आणि मुलांनीही हात हलवले.

त्यांच्यात एक मुलगी होती. फार प्रश्न विचारते म्हणून तिला सगळे शंकाबाई म्हणत. ती म्हणाली, "अरे, पण त्या हात हलवतायत की नको म्हणतायत?"

"शंकाबाई, तू पिवळा रंग ढवळ."

डाव्या काचेवर फुलपाखराचा अर्धा भाग झाला. उजव्या काचेवर एक मोठा पंख झाला. तेवढ्यात धाकटी आली. नेहमीच्या जागी उभी राहायला गेली तर समोर बहिणीच्या तोंडाऐवजी पिवळा पंख. तिने पिशवीतून इस्त्रीचं ओलं फडकं काढलं आणि खसाखसा काच पुसायला लागली.

"अहो मावशी! काय करताय? केवढा वेळ लागलाय त्या पंखाला!"

"मागे माझी ताई आहे!"

पण तो तेलाचा रंग होता. पुसला तसा पसरला. पंख गेला आणि सगळ्या काचेवर पिवळा चिखल झाला. आता ना फुलपाखरू, ना ताई. धाकटी फडकं हातात धरून उभी राहिली. माझ्या आयुष्यात मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

अध्यक्ष जरा नरमला. "मावशी, त्यांना भेटायचं होतं तर आत जायचं ना."

"फाटक पाचला बंद होतं. मी सुटते सहाला."

"मग खिडकी उघडून बोला."

"उघड," धाकटी म्हणाली. "उघड ना बाळा, तूच उघड."

त्याने झडप धरून ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. मग भिंतीला पाय लावून ओढली. मी जागची हलले नाही.

"अडकलीय."

"अडकली नाही. तुम्ही शिवलीय."

शंकाबाई जवळ आली. तिने माझ्या मधोमध बोट फिरवलं. "अरे, पण हिची फट कुठे आहे?"

अध्यक्षाचे कान लाल झाले. तो म्हणाला, "गेल्या वर्षी ही बाजू माझ्याकडे होती. मला वाटलं, ती रेघ बरी दिसत नाही."

मग त्याने हातातली लोखंडी पट्टी उभी धरली आणि माझ्या मधोमध दाबली. पहिल्यांदा पिवळा पापुद्रा निघाला. मग निळा, मग हिरवा. दुसऱ्या मुलांनी दुसऱ्या पट्ट्या घेतल्या. एकजण चौकटीवर चढला. शंकाबाई आत धावली आणि तिने खाट माझ्यापाशी आणली.

व्यवस्थापक धावत आले. "अरे अरे! रंगवायला आलात की खरवडायला? उद्या फोटो काढायला माणूस येणार आहे!"

"सर, एक फट ठेवायची राहिली होती," अध्यक्ष म्हणाला. "तेवढी करतो."

"पण हे किती वाईट दिसतंय!"

"हो सर. दिसतंय," तो म्हणाला, आणि खरवडत राहिला.

दिवे लागायच्या सुमाराला उजव्या झडपेच्या चारही कडा मोकळ्या झाल्या. मुलं झडप धरून उभी राहिली, पण कधी ओढायचं यावर त्यांचा वाद सुरू झाला. आत कंडक्टरबाईंनी औषधाचा चमचा उचलला आणि गजावर दोनदा मारला. टण टण.

आयुष्यभर त्या दोन ठोक्यांवर बस निघालेली होती. मुलांनाही सांगावं लागलं नाही. सगळ्यांनी एकदम ओढलं.

मी किंचाळले. मला घडवणाऱ्या सुताराने ऐकलं असतं तर मला ओळख दिली नसती. पण मी उघडले. उजवी झडप भिंतीला जाऊन आपटली आणि गल्लीतली सगळी हवा, धूळ, आवाज, एकदम आत गेलं.

धाकटी गजांना धरून ओरडली, "ताई! ऐकू येतंय का? ताई!"

"ओरडतेस कशाला?" कंडक्टरबाई म्हणाल्या. "मधे काच नाहीये."

थोरलीने गजातून हात बाहेर काढला, धाकटीने तो धरला. इस्त्रीचा हात, अजून गरम होता. कंडक्टरबाईंनी तो गालाला लावला.

"अभ्रा कुठाय?"

"आणला नाही गं. उद्या आणते."

"गरम आण. आणि एक सांगते, छत्री तूच हरवलीस."

मुलं पायरीवर बसून सगळं भांडण ऐकत होती. शंकाबाईने मधेच विचारलं, "पण आजी, छत्री होती कुठल्या रंगाची?" त्यावरूनही दोघींचं जमलं नाही.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की आता माझा राग गेला. गेला नाही. फोटो काढणाऱ्या माणसाने दुसऱ्या दिवशी मला वगळून कुंड्यांचा फोटो काढला. व्यवस्थापक रोज जाता-येता माझ्या खरवडलेल्या कडांकडे बघून म्हणतात, "पुढच्या उन्हाळ्यात नीट रंगवून घेऊ." ते ऐकलं की माझ्या बिजागऱ्यांत कळ येते.

म्हणून तुम्हाला सांगते. सुट्टीत सेवा करायला जरूर या. तुमच्या हातांची गरज आहे, नाही असं नाही. पण आलात की रंगाचा डबा आधी पायरीवर ठेवा. फाटकातून काय दिसतं ते बघू नका. आत जा, खाटेजवळ बसा आणि विचारा, "आजी, तुम्हाला काय हवंय?" उत्तर पूर्ण ऐकून घ्या. काचेमागून कुणी हात हलवत असेल, तर तो आनंद आहे की नकार आहे, हे जाऊन बघा. आणि रंगवायचंच असेल तर मला उघडी ठेवून रंगवा. माझी काळी रेघ तशीच राहू द्या. ती असली तरच मी उघडते आणि अभ्रा गरम पोचतो.

माझी डावी झडप अजून मिटलेली आहे. तिच्यावर अर्धं फुलपाखरू आहे. पुढच्या उन्हाळ्यात याल, तेव्हा त्याचा दुसरा पंख काढत बसू नका. लोखंडी पट्टी घेऊन या.