पिंग नदीकाठची पेज

पिंग नदीवर सकाळ हळूहळू उतरते. आधी धुकं पांढरं, मग पिवळं, मग नुसतं पाणी. काठावर दाओताईंची गाडी, गाडीवर पातेलं, पातेल्यातून तांदळाच्या पेजेची वाफ.

थायलंडला यायचं कुमुदनं, माझ्या बायकोनं, ठरवलं होतं. कणीक मळताना ती मोबाइलवर थाई ऐकायची, माझ्याकडून म्हणून घ्यायची. "नुसती देवळं बघून यायचं नाही हं. माणसांशी बोलायचं."

कुमुद फाल्गुनात गेली. मी एकटाच आलो.

दाओताई रोज विचारतात, "किन खाव रू यांग?" भात खाल्लात का? इथं भेटलेल्याला असंच विचारतात. आपल्याकडेही विचारतात. कुमुद गेल्यापासून मला कुणी विचारलं नव्हतं.

मी रोज म्हणायचो, "किन लेऽव." जेवलो. पोटात काही नसायचं. पण आपल्याकडे पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. मग समोरचा आग्रह करतो, हात धरून बसवतो. मी त्या आग्रहाची वाट बघत उभा राहायचो. दाओताई माझा शब्द खरा मानायच्या आणि पुढच्याचा वाडगा भरायच्या. मी खोलीवर परतायचो.

धुकं पांढरं. वाफ पांढरी. खोलीतली दुसरी उशी पांढरी.

आज त्यांनी विचारलं, तेव्हा ओठांवर जुनंच उत्तर आलं होतं. मग कुमुदचे पिठाचे हात आठवले. "बोला की हो, लाजता काय!"

"यांग," मी म्हणालो. अजून नाही.

दाओताईंचा डाव हवेतच थांबला. शेजारच्या मासेवालीकडे वळून त्या मोठ्यानं काही बोलल्या, दोघी हसल्या. मग माझ्या कमरेच्या ढिल्या पट्ट्याकडे बोट दाखवून त्यांनी मला दटावलं. शब्द कळले नाहीत. दटावणं कळलं.

वाडगा आला. पेज, आलं, कोथिंबीर, वर फोडलेलं अंडं. चमचा उचलला आणि थांबलो. या बाई पहाटेपासून सगळ्यांना विचारतायत.

"किन खाव रू यांग, दाओताई?"

त्यांनी पदरासारखा एप्रन आवरला.

"यांग."

आणि स्वतःचा वाडगा भरून माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या.

ऊन पाण्यावर आलं, पाण्यावरून काठावर आलं. दोन वाडग्यांची वाफ वर चढत गेली, एकीत एक मिसळत गेली, आणि नदीवर सकाळ झाली.